जीव घालणारे हात : ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाची गोष्ट

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेळ्या बांधून ओसरीवर टेकल्या असाल, कुणी बैठकीला जमून एकत्र रेडिओ लावला असेल. आज बचतीचा हिशेब नाही आणि योजनेची माहितीही नाही. आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आपल्या घरात कधीच शिरला आहे. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅनिमेशन’.

पोरं मोबाइलवर कार्टून बघतात, त्याला अ‍ॅनिमेशन म्हणतात. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी शुभ सकाळ पाठवतं आणि त्यातलं गुलाबाचं फूल हळूहळू उमलतं, तेही अ‍ॅनिमेशन. तालुक्याला प्रशिक्षणाला गेलं की पडद्यावर अक्षरं एका बाजूने घसरत येतात, साहेब म्हणतात, ‘अ‍ॅनिमेशन टाकलंय’. बारावी झालेला भाचा सांगतो, ‘मावशी, मला अ‍ॅनिमेशनचा कोर्स करायचाय.’ आणि तमिळनाडूतल्या बचत गटात गेलात तर तिथे गट पुढे नेणाऱ्या बाईलाच ‘अ‍ॅनिमेटर’ म्हणतात. आता कार्टूनचा आणि बचत गटाचा संबंध काय? तो शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

शब्दाच्या पोटात काय आहे

फार पूर्वी रोमच्या लोकांची लॅटिन नावाची भाषा होती. त्या भाषेत ‘अ‍ॅनिमा’ म्हणजे श्वास, प्राण. त्यावरून अ‍ॅनिमेशन म्हणजे प्राण घालणं, जिवंत करणं. इंग्रजीत हा शब्द सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे. माणसात उत्साह भरणं, बोलण्यात जिवंतपणा असणं, अशा अर्थाने तो वापरत. हलत्या चित्रांसाठी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरू लागले.

आता गंमत बघा. आपल्या संस्कृतात ‘अन्’ असा एक धातू आहे. त्याचा अर्थ श्वास घेणं. त्याच्या आधी ‘प्र’ लावला की होतो प्राण. वाऱ्याला आपण अनिल म्हणतो, तोही याच घरातला. भाषेचे अभ्यासक सांगतात की लॅटिनमधला ‘अ‍ॅनिमा’ आणि आपला ‘अन्’ हे एकाच जुन्या मुळाचे दोन फाटे आहेत. म्हणून तर इंग्रजीत जनावराला ‘अ‍ॅनिमल’ म्हणतात आणि आपण म्हणतो प्राणी. दोन्हींचा अर्थ एकच, ज्याच्यात श्वास आहे तो.

म्हणजे हा शब्द परका वाटला तरी आपला लांबचा नातेवाईकच निघाला. आणि अर्थ तर आपण रोजच वापरतो. पापड लाटणारीला म्हणतो, जीव ओतून काम केलं. लेकराला जीव लावतो. कोमेजलेल्या रोपाला पाणी घातलं की म्हणतो, जिवात जीव आला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवून होते, पण डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय ती कुणाकडे बघत नाही. डोळे आखले की तीच माती आपल्याकडे बघू लागते.

आता या शब्दाच्या इतिहासातून एक गोष्ट आम्हाला तुमच्यापुढे ठेवायची आहे. हलवणं वेगळं आणि जीव घालणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो हात काढून घेतल्यावर.

आवाजाने चालणारी चित्रं

वीज नव्हती, पडदा नव्हता, तेव्हाही आपल्याकडे चित्रं चालत होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. कागदावर रंगवलेली चित्रं, त्यांचा एक संच म्हणजे एक पोथी. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतो. चित्र जागच्या जागी असतं. पण आवाज चढतो, वाद्य वाजतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं घोडा उधळला, बाण सुटला. आपण रेडिओवाल्यांना ही कला जवळची वाटावी यात नवल नाही. आपल्याकडे तर कागदही नाही, नुसता आवाज.

याच पिंगुळीत कळसूत्री बाहुल्याही आहेत आणि चामड्याच्या बाहुल्याही. चामड्याची बाहुली दिव्यापुढे धरली की पडद्यावर तिची सावली चालते, लढते, मान हलवते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

बाहुली सुंदर नाचते. पण दोरी सोडली की ती खाली पडते. हे लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

कुंडीतला वाटाणा

आता मुंबईला, दादरला जाऊ या. साल १९१२. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, सिनेमाच्या वेडाने झपाटले होते. आदल्या वर्षी गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला. दुसऱ्या वेळी पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. आपल्या देवादिकांच्या कथा पडद्यावर का येऊ नयेत, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, तंत्र शिकून आले, कॅमेरा विकत घेतला.

कॅमेरा आला, पण सिनेमाला लागणारा पैसा कुठून आणायचा? हातात काही दाखवायला नसेल तर कर्ज कोण देणार? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. बँकेच्या दारात उभं राहिलेल्या प्रत्येक बाईने तो ऐकला आहे.

फाळक्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण घेत गेले. महिनाभर हे चाललं. मग ती सगळी चित्रं जोडून पडद्यावर दाखवली, तेव्हा महिन्याचं काम काही क्षणांत झालं. माती फुटली, कोंब वर आला, पानं उघडली, वेल सरसर चढला. या छोट्या चित्रपटाचं नाव ‘अंकुराची वाढ’. तो निवडक लोकांना दाखवला आणि यशवंतराव नाडकर्णींसारखे काहीजण कर्ज द्यायला तयार झाले.

विचार करा, त्या वाटाण्याला कुणी ओढून मोठं केलं नव्हतं. बी आपल्या जिवाने वाढत होतं. फाळक्यांनी फक्त माती, पाणी आणि रोजची नजर दिली, आणि आपल्या डोळ्यांना एरवी न दिसणारी वाढ दिसेल अशी केली. ही बाहुलीच्या उलट गोष्ट झाली. हात काढला असता तरी ते रोप वाढलंच असतं.

सरस्वतीबाई

पण या गोष्टीत आणखी एक माणूस आहे आणि तिचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं.

मिळालेलं कर्ज पुरलं नाही, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. लंडनहून येणारी फिल्म कोरी असायची. तिच्या कडेला भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालत नसे. ही भोकं अंधारात बसून पाडावी लागत, उजेड लागला की फिल्म वाया. ते काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं तयार करत. चित्रीकरणाच्या वेळी ऊन नटांच्या तोंडावर पडावं म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच घरी, त्यांच्याच हाताखाली.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने साडी नेसून ते केलं. म्हणजे पडद्यावर बाई नव्हती. पण पडद्यामागे एक बाई दिवसरात्र राबत होती.

पुढे १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा चित्रपट केला. त्यात आगपेटीतल्या काड्या आपल्याआप चालतात, जुळतात, आकृत्या करतात. युक्ती सोपी, पण सहनशक्ती बघणारी. काडी केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र.

घरी करून बघायचं असेल तर पोराची जुनी वही घ्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चिमणी काढा, दर पानाला तिचा पंख जरासा वर. वीस-पंचवीस पानं झाली की अंगठ्याने भरभर सोडा. चिमणी उडेल. सगळ्या अ‍ॅनिमेशनचं गुपित एवढंच आहे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं डोळ्यांसमोरून जातात. म्हणजे मिनिटाला १,४४० चित्रं. त्यातलं एखादं चित्र कुणाच्या लक्षात राहत नाही, पण मधली वगळली तर चाल अडखळते. आपल्या दर आठवड्याच्या बचतीचंही असंच आहे. एका आठवड्याचे वीस रुपये कुणाला दिसत नाहीत. वर्षाचं पासबुक दिसतं.

कात्री आणि शाई

हे काम दूरदेशीही बायकांच्या हातांनी झालं. जर्मनीत लोटे रायनिगर नावाची एक मुलगी होती. कात्रीने काळा कागद कापून माणसं, घोडे, झाडं करण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या कापलेल्या आकृत्यांचे हातपाय बारीक तारेने जोडून, काचेवर ठेवून, खालून उजेड देऊन, एकेक चित्र घेत तिने तीन वर्षं काम केलं. १९२६ साली ‘राजपुत्र अहमद’ची कथा सांगणारा तिचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. अ‍ॅनिमेशनचे जे पूर्ण लांबीचे चित्रपट आज शाबूत आहेत, त्यांतला हा सगळ्यांत जुना. कॅमेरा तिचा नवरा सांभाळत होता. आपल्या पिंगुळीच्या सावल्या आणि बर्लिनच्या या सावल्या शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतील.

पण सगळीकडे बाईला इतकी मोकळीक नव्हती. अमेरिकेत डिस्ने कंपनीचा ‘स्नो व्हाइट’ १९३७ साली आला आणि जगभर गाजला. कलाकारांनी पेन्सिलीने काढलेलं प्रत्येक चित्र पारदर्शक पातळ पत्र्यावर शाईने उतरवायचं आणि मागून रंग भरायचा, हे काम कंपनीत मुलींकडे होतं. हात जरा थरथरला की पत्रा वाया. हजारो पत्रे त्यांनी रंगवले. पण चित्रपटाच्या सुरुवातीला जी नावं झळकतात, त्यात या मुली नव्हत्या. १९३८ साली एका मुलीने तिथे चित्रकलेच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला. कंपनीचं उत्तर आलं की नवं रचण्याचं काम पुरुषच करतात, म्हणून मुलींना प्रशिक्षणात घेत नाही. मुलींसाठी काम एकच, शाईने गिरवणं आणि रंग भरणं.

हे ऐकताना आम्हाला आपली शेती आठवते. पेरलेलं बी तिने निवडलेलं, खुरपणी तिची, वेचणी तिची. सात-बाऱ्यावर नाव मात्र शोधावं लागतं.

आपली माणसं, आपली चित्रं

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग उभा केला. १९५६ साली डिस्नेतले क्लेअर वीक्स हे कलाकार इथे शिकवायला आले. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा छोटा चित्रपट १९५७ साली तयार झाला. तिथे शिकलेल्या तरुणांत राम मोहन नावाचे एक होते. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

त्याआधी विजया मुळे यांचं नाव घ्यायला हवं. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या विजयाताई शिक्षणाच्या क्षेत्रात काम करत. १९७४ साली त्यांनी ‘एक अनेक और एकता’ हा काही मिनिटांचा चित्रपट केला. चित्रांची बाजू भीमसेन यांनी सांभाळली. एक ताई लहान मुलांना एक आणि अनेक यांतला फरक समजावते, आणि जाळ्यात सापडलेले पक्षी सगळे मिळून जाळं घेऊन उडतात, ही गोष्ट सांगते. पुढे दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बाईने तो पाहिला नसेल तर नवल. आमच्या कितीतरी प्रशिक्षणांत गट म्हणजे काय हे सांगायला आजही तीच पक्ष्यांची गोष्ट पुरते. एकटा पक्षी फडफडतो, जाळं हलतं, पण उचललं जात नाही. सगळ्यांनी एका वेळी पंख मारले की जाळ्यासकट उडतात.

मीना

आता मीनाकडे येऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमच्या मुली ‘मीना-राजू मंच’ ऐकून असतील. हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे का?

सार्क देशांनी १९९१ ते २००० ही दहा वर्षं बालिका दशक म्हणून जाहीर केली होती. त्या काळात युनिसेफने ठरवलं की दक्षिण आशियातल्या मुलींसाठी एक अशी नायिका घडवायची जी सगळ्यांना आपली वाटेल. बांगलादेशातून सुरुवात झाली. मीनाचं रूप घडवलं ते आपल्या मुंबईच्या राम मोहन यांनी. पण नुसत्या खोलीत बसून नाही. चित्रं घेऊन माणसं बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तानच्या गावांत गेली. बायकांना, मुलांना विचारलं, ही मुलगी तुमच्या गावातली वाटते का? हिने काय नेसावं? हिचं नाव काय ठेवावं? साडी म्हटलं तर एका देशाला परकी, सलवार म्हटलं तर दुसऱ्याला. म्हणून मीनाला झगा-ओढणीसारखा असा वेश मिळाला की कुणीही म्हणावं, आमचीच पोर.

पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, कारण ती मुलगी. भाऊ राजू शाळेत जातो. मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीत पाठवते आणि त्याच्याकडून पाढा शिकते. मग कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर सापडतो. दुसऱ्या एका गोष्टीत आई आंब्याचा मोठा वाटा राजूला देते. मीना विचारते, असं का? मग दोघं एक दिवस कामं बदलून घेतात. संध्याकाळी राजू दमून बसतो आणि त्याला कळतं, मीना दिवसभरात किती राबते.

मीना कागदावरची. तिच्यात श्वास नाही. पण तिचं बघून एखाद्या घरात आईने आंबा निम्मा-निम्मा कापला असेल, तर त्या क्षणी जीव कुठे आला? पडद्यावरच्या चित्रात नाही, त्या आईच्या हातात आला. आम्हाला वाटतं, अ‍ॅनिमेशन या शब्दाचा खरा अर्थ तिथे पूर्ण होतो. आणि ते झालं, कारण चित्र काढणाऱ्यांनी आधी गावाला विचारलं.

गावात प्राण घालणं

इथेच कार्टूनमधला अ‍ॅनिमेटर आणि गटातला अ‍ॅनिमेटर एकमेकांना भेटतात. १९६० साली पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल देश फ्रेंचांच्या ताब्यातून मोकळा झाला. तिथे गावविकासाची एक पद्धत सुरू झाली, तिचं नावच होतं ‘गावाचं अ‍ॅनिमेशन’. गावाने आपल्यातलीच माणसं निवडायची. त्यांनी थोडे दिवस केंद्रात जाऊन शिकायचं, परत येऊन स्वतःची शेती करत करत गावाला बोलतं करायचं. म्हणजे जीव गावात आहेच असं धरलं होतं. त्याला नुसतं जागं करायचं होतं. पुढे हा शब्द अनेक देशांतल्या गावकामात गेला आणि तमिळनाडूच्या बचत गटांपर्यंत पोचला.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला आपण आपले शब्द शोधले. २४ फेब्रुवारी १९७५ ला महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. तिच्या कामात सहयोगिनी आली, सोबत करणारी. ‘उमेद’मध्ये प्रेरिका आली. मग बँक सखी, कृषी सखी, पशू सखी. सहयोगिनी, प्रेरिका, सखी. या तिन्ही शब्दांत कुठेही दोरी नाही, बघा.

पण शब्दात नसलेली दोरी कामात येऊ शकते. आम्ही संयोजिका गावोगाव फिरतो तेव्हा दोन्ही प्रकारचे गट बघतो. एका गटात ताई येणार म्हणून बैठक होते. ठराव ताईच्या अक्षरात, हिशेब ताईच्या डोक्यात, अंगठे आणि सह्या मागाहून. ताईची बदली झाली, ती बाळंतपणाला माहेरी गेली, किंवा तिचं मानधन थकलं म्हणून यायची थांबली, की रजिस्टरची पानं कोरी राहतात. तालुक्याच्या यादीत तो गट हलताना दिसत होता. दोरी सुटली आणि बाहुली पडली.

दुसऱ्या गटात शाळा न शिकलेली बाईसुद्धा सांगते, कोणाचं कर्ज किती राहिलं, व्याज किती जमलं. एखाद्या आठवड्याला कुणीच बाहेरून आलं नाही तरी चटई अंथरली जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, वेळच्या वेळी नोंदी, ही पंचसूत्री त्यांना पाठ करावी लागत नाही, कारण ती त्यांच्या सवयीत आहे. हा कुंडीतला वाटाणा. याला बाहेरून पाणी लागतं, आधाराची काठी लागते, पण वाढ त्याची त्याची.

याचा अर्थ पाणी घालणारीचं काम लहान आहे असा नाही. वाटाण्यालाही महिनाभर रोज बघावं लागलं होतं. प्रेरिका उन्हातान्हात चालत जाते, कुणाच्या नवऱ्याची समजूत काढते, कुणाचं खातं उघडायला दिवस मोडून बँकेत बसते. यातलं अहवालाच्या रकान्यात काहीच मावत नाही. शाईने गिरवणाऱ्या त्या मुलींची नावं पडद्यावर आली नाहीत, सरस्वतीबाईंची चादर चित्रात दिसली नाही. आपल्या गटात तरी तसं होऊ नये. ग्रामसंघाच्या बैठकीत, वार्षिक अहवालात, काम करणारीचं नाव आणि कामाचे दिवस लिहून ठेवा. आणि मानधन वेळेवर मिळावं, ही मागणी तिने एकटीने करायची नाही, ती गटाने तिच्या बाजूने करायची.

हलतंय म्हणून खरं नाही

शेवटी एक आजची गोष्ट. आता मोबाइलवर एका साध्या फोटोला बोलतं करता येतं. ओठ हलतात, आवाजही ओळखीचा वाटतो. एखादा मोठा माणूस ‘या योजनेत पैसे टाका, दुप्पट मिळतील’ असं बोलताना दिसला, तर लगेच विश्वास ठेवू नका. आगकाडीसुद्धा चालू शकते, हे आपण आत्ताच ऐकलं. दुवा उघडण्याआधी, ओटीपी सांगण्याआधी गटात विचारा, बँक सखीला दाखवा. फसवणूक झालीच तर लाजू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

आता पुढच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देतो. चटईवर गोल बसून बोला.

पहिला, पुढचे तीन आठवडे बाहेरून कुणीच आलं नाही, तर आपली बैठक होईल का? होणार नसेल तर कोणतं काम आपल्यातल्या कुणी शिकून घ्यायला हवं?

दुसरा, आपल्या गटासाठी, घरासाठी, शेतीसाठी राबणारे कोणते हात कागदावर कुठेच नाहीत? त्यांतलं एक नाव या महिन्यात कुठल्या कागदावर चढवता येईल?

तिसरा, आपल्या घरात आंबा कसा कापला जातो?

या प्रश्नांवर तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. पोस्टकार्ड टाका किंवा केंद्रावर येऊन आवाज ध्वनिमुद्रित करून द्या. पुढच्या भागात ते तुमच्याच आवाजात सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.